आखाजीला निघालेली गाडी

मखमलाबाद, नाशिक
ता. १६ जून १९९७

प्रिय विमलअक्का, सा. न.

तुझं रागावलेलं कार्ड मिळालं. अक्षय्य तृतीया होऊन महिना उलटला, बहीण आखाजीला माहेरी आली नाही, म्हणून तू लिहिलंस की मी "पक्की नाशिकची झाले." अगं, लग्न होऊन पस्तीस वर्षं झाली, आता कसली नव्यानं होतेय!

खरं कारण आज लिहिते. फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि तुझ्या शेजारच्या मंगलाबाईंच्या ओसरीतल्या फोनवर ओरडून सांगावं असं ते नाही. गर्भपिशवीच्या कॅन्सरसाठी मला रेडिएशनचे शेक दिले ना, त्यानं रोग दबला, पण आतडी भाजून निघाली. आता घडीघडी संडासला जावं लागतं. लागली की थांबवता येत नाही. घरात ठीक आहे, पण नाशिकहून नामपूर म्हणजे अर्धा दिवस एसटी. वाटेत बाईमाणसाची सोय कुठे आहे, तूच सांग. पुरुषांना काय, प्रत्येक बाभूळ त्यांचीच. यंदा आखाजीला मी निघाले होते, अक्का. पिंपळगावच्या स्टँडवर उतरले आणि तशीच परत आले. साडीची काय दशा झाली होती ते लिहीत नाही.

तुझ्या मांडीत सळई, तू पलंग सोडून ओसरीपर्यंत आलीस तरी मोठी गोष्ट. तू इकडे येऊ शकत नाहीस आणि मी तिकडे. म्हणून ह्यांनी डोक्यात एक खूळ घेतलंय. जन्मभर कारखान्यात बसच्या बॉड्या बांधल्या, आता निवृत्त झाले तरी हाताला खाज आहेच. एक जुनी मेटॅडोर आणून दारात उभी केलीय. तिच्यात पलंग, पाण्याची टाकी आणि संडास बसवणार आहेत. म्हणतात, "तुला माहेरी नेतो, संडासासकट."

बायका माहेरी जाताना दागिने मिरवतात. तुझी बहीण काय मिरवत येणार ते बघ.

तुझी
छाया

*

नामपूर, ता. बागलाण
ता. २७ जून १९९७

चि. छायेस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी आधी रडले, मग हसले, मग मंगलाबाईंनी विचारलं काय झालं, तर सांगितलं, बहिणीनं गाडी घेतलीय. खोटं नाही ते.

मला आधी का नाही लिहिलंस? मी तुझ्यावर दातओठ खात बसले होते. बाबांनी कडुनिंबाला बांधलेल्या झोक्याची कडी अजून आहे. दोर मी नवा आणवते. आखाजीला यायचं ते तेव्हा ये, पण गाडी झाली की वाट कशाला बघायची? दिवाळीच्या आधी ये. मला तुला बघायचंय. आता हे सरळच लिहिते, कारण आपण दोघी साठी ओलांडलेल्या आहोत आणि लाजायचं वय गेलं.

फक्त एक. रावजींच्या कामावर नीट लक्ष ठेव. माणूस लाख मोलाचा, पण माझ्या घरी त्यांनी बांधलेली चूल आठवते ना? धूर धुराडं सोडून सगळीकडून यायचा.

विमलअक्का

*

मखमलाबाद
ता. २० ऑगस्ट १९९७

प्रिय अक्का,

गाडी झाली. आता गाऱ्हाणी ऐक.

दिरांचा मयूर अमेरिकेत असतो, त्यानं तिकडच्या अशाच गाड्यांचा नकाशा पाठवला. त्यात लिहिलेलं, एवढी टाकी दोन माणसांना आठवडाभर पुरते. ह्यांनी मापात माप जुळवून जस्ती पत्र्याची तेवढीच टाकी गाडीच्या पोटाखाली बसवली. आम्ही गंगापूर धरणापर्यंत जाऊन बघितलं. संध्याकाळी परत येईपर्यंत टाकी काठोकाठ! हे गाडीखाली आडवे पडून गळती शोधतायत, काही सापडेना. शेवटी माझ्याच ध्यानात आलं. म्हटलं, अहो, ते लोक कागदानं पुसतात. आपण तांब्याभर पाणी घेतो आणि वर बादलीभर ओततो. नकाशात आपला तांब्या धरलेलाच नाही. हे कपाळाला हात लावून बसले. मग टाकी उतरवून तिला आणखी एक तुकडा जोडला.

दुसरं म्हणजे वास. टाकीतली हवा बाहेर जायला नळी लागते. ती ह्यांनी खिडकीखालीच संपवली. मी तक्रार केली तर तिला बूच मारलं. मग गाडी खड्ड्यात गेली की संडास ढेकर द्यायला लागला, अक्का, खरंच ढेकर! शेवटी नळी टपाच्या वर नेली, तेव्हा ढेकर थांबले. वास मात्र आहेच.

आणि टाकी रिकामी कुठे करायची? मी म्हटलं आपल्याच झेंडूच्या वावरात, कडेला. तर जाऊबाई शकुबाई कमरेला पदर खोचून उभ्या. "झेंडू देवाच्या गळ्यात जातो, छायाबाई. बाजारात कळलं तर आपलं फूल कुत्रंबी घेणार नाय." चुकलं काय त्यांचं? मग हद्दीच्या बांबूंपाशी खड्डा घेतला. गडी माणसं ऐकूनच पळाली. हे स्वतः रेनकोट घालून, नाकाला फडकं बांधून टाकीची चावी सोडतात. गल्लीतल्या लोकांनी आमच्या घरचं पाणी प्यायचं टाळायला सुरुवात केलीय. ह्यांना ते कळत नाही असं हे दाखवतात.

त्या वासात झोपून तुझ्या दारात यायचं माझं मन होत नाही. बाबा म्हणायचे, घर नसलं तरी चालेल, मोरी स्वच्छ हवी.

छाया

*

नामपूर
ता. ३ सप्टेंबर १९९७

चि. छायेस आशीर्वाद.

एवढंच ना? अगं, मी मुख्याध्यापिका असताना मुलींच्या संडासाचा वास तालुक्याच्या साहेबांपर्यंत गेला होता. मी रोज ॲसिड टाकायला लावलं, आठ दिवसांत वास पळाला. बाजारात हिरव्या बाटलीत मिळतं ते. रोज थोडं टाक, वर पाणी टाक. हात जप. रावजींना सांगत बसू नकोस, पुरुषांना बायकांच्या प्रत्येक उपायात शंका.

लोक पाणी पीत नाहीत तर न पिऊ देत. तू ये, मी तुझ्या उष्ट्या तांब्यानं पाणी पिते.

विमलअक्का

*

मखमलाबाद
ता. ४ ऑक्टोबर १९९७

प्रिय अक्का,

तू गुणाची आहेस! वास गेला. बाटली मी पाण्याच्या टाकीमागे लपवून ठेवलीय आणि रोज ओतते. चार दिवस न ओतता बघितलं, वास परत आला, म्हणून आता जरा सढळ हातानं ओतते. हे येऊन हुंगतात, मान हलवतात आणि म्हणतात, "नळीची उंची बरोबर साधली." साधू दे बापड्यांना.

वसुबारसेला निघतो. तुझ्या हातची खापरावरची पुरणपोळी आता तुला जमणार नाही, तर मंगलाबाईंना करायला सांग, पण शेजारी बसून शिव्या तू दे. आणि कोणाला सांगू नकोस गाडीत काय आहे ते.

तुझी
छाया

*

नामपूर
ता. ८ नोव्हेंबर १९९७

छाये,

वसुबारस झाली, भाऊबीज झाली. दोर बांधलेला झोका वाऱ्यानं हलतोय. पोळ्या मंगलाबाईंच्या पोरांनी खाल्ल्या. फोन नाही, पत्र नाही. जिवंत आहेस ना, एवढं तरी कळव.

विमलअक्का

*

मखमलाबाद
ता. १५ नोव्हेंबर १९९७

प्रिय अक्का,

जिवंत आहे.

निघालो होतो. पिंपळगावच्या नाक्यावर एक मोटारसायकलवाला मागून ओरडत पुढे आला. टाकीचा तळ सुटला होता आणि ओझरपासून सगळ्या रस्त्याला आमचा माग लागला होता. टोमॅटोच्या गाड्या, माणसं, सगळी नाकं धरून थांबली. कोणी दगड भिरकावला, तो काचेला लागला. मी आत पडद्यामागे बसून होते, आणि मला नेमकी तेव्हाच लागली. खाली टाकी नाही, अक्का. मी डबा हातात घेऊन बसले आणि बाहेर हे लोकांपुढे हात जोडून उभे होते. रस्ता धुवायला हे एका विहिरीवरून पाणी आणत होते, ते मला पडद्याच्या फटीतून दिसत होतं. त्या गावाचं आणि माझं काय वाकडं आहे कोण जाणे.

वेल्डिंग कच्चं राहिलं. दुसरं काही नाही.

आता पुन्हा निघायचं मी मनातून काढून टाकलंय. तू पण टाक.

छाया

*

नामपूर
ता. २२ नोव्हेंबर १९९७

रावजी यांस आशीर्वाद.

मोठी आहे म्हणून लिहिते, राग मानू नका. कारखान्यात लोकांच्या बसगाड्या बांधल्यात त्या अशाच बांधल्यात का? घरच्या बाईची टाकी तेवढी कच्ची ठेवलीत! तिनं रस्त्यात काय सोसलं असेल, याची तुम्हाला कल्पना आहे का? ती तुम्हाला बोलणार नाही, म्हणून मी बोलते. चूल बांधलीत तेव्हाच मला कळायला हवं होतं.

विमलाबाई

*

मखमलाबाद
ता. १ डिसेंबर १९९७

ती. अक्कांस रावजीचा शिरसाष्टांग नमस्कार.

आपलं पत्र वाचलं. आपण बोललात ते बरोबरच आहे. काम माझं, तेव्हा चूक माझीच.

तरी एक लिहितो, स्वतःला वाचवायला नाही. टाकी उतरवली तेव्हा आमचा जुना वेल्डर सोमा आला होता. सांधे शाबूत होते. पत्राच मधून गेला होता, चाळणीसारखा, बोट लावलं की भुगा. सोमा म्हणाला, "रावजी भाऊ, ह्यो पत्रा गंजला नाय, खाल्लाय. ॲसिडचं काम हाय हे." मी छायाला विचारलं. ती म्हणाली, आपल्या घरात ॲसिड आणतंय कोण. म्हणून मी समजलो की पत्राच हलका लागला, आणि तो मीच निवडला होता.

आता काळी प्लास्टिकची टाकी घेतली आहे. तिला काही होणार नाही. आखाजीला छायाला आपल्या दारात आणून सोडतो.

आपला
रावजी

*

नामपूर
ता. ८ डिसेंबर १९९७

छाये,

रावजींचं पत्र आलं. चाळणी झालेल्या पत्र्याचं त्यांनी साधेपणानं लिहिलंय. मी ते चार वेळा वाचलं.

तुला ठाऊक होतं. तुला पिंपळगावलाच कळलं असणार. आणि तू लिहिलंस वेल्डिंग कच्चं! नवऱ्याच्या डोक्यावर खापर फोडलंस, म्हणजे अक्काला कळू नये की अक्काच्याच बाटलीनं तुझी गाडी बुडवली. आणि मी त्या देवमाणसाला काय काय लिहिलं! चुलीपर्यंत गेले मी!

शहाणपण शिकवायची सवय माझी जन्माची. शाळेतल्या मोऱ्या फरशीच्या होत्या, तुझी टाकी पत्र्याची, एवढं मला कळू नये? तू वाट बघत होतीस, मी वाट बघत होते, आणि वाटेत मीच ॲसिड ओतलं. मला झोप येत नाही. रावजींना खरं काय ते मी कळवते.

विमलअक्का

*

मखमलाबाद
ता. १८ डिसेंबर १९९७

प्रिय अक्का,

खबरदार कळवशील तर. त्यांना कळलं तर ते तुझ्यावर रागावणार नाहीत, उलट तुझी समजूत घालायला नामपूरला येतील आणि मला इथे एकटीला सोडतील. ते मला नकोय.

तू वास जायला औषध सांगितलंस, वास गेला. पैज तू जिंकलीस. टाकी गेली ती टाकीची खोड. आपल्या दोघींना आईनं राख आणि ॲसिड हातात देऊनच वाढवलं, आपण दुसरं काय सांगणार एकमेकींना?

नवी टाकी बसली. हे तिच्यात पाणी भरून गाडी खड्ड्याखड्ड्यांतून फिरवतात आणि खाली वाकून बघतात. थेंब नाही. मी अजून वापरली नाही, आखाजीच्या प्रवासालाच तिचं उद्घाटन करायचं ठरलंय. मध्ये डॉक्टरांनी एक छोटं ऑपरेशन सांगितलंय. छोटंच आहे.

तुझी
छाया

*

नामपूर
ता. २ जानेवारी १९९८

चि. छायेस आशीर्वाद.

"छोटंच आहे" हे तू दुसऱ्यांदा का लिहिलंस? लहानपणी पाटी फोडलीस की "थोडीशीच फुटली" म्हणायचीस, आणि बघावं तर दोन तुकडे. काय आहे ते नीट लिही.

विमलअक्का

*

मखमलाबाद
ता. ९ फेब्रुवारी १९९८

प्रिय अक्का,

दोन तुकडेच आहेत. आतडं आतून फाटत चाललं होतं, म्हणून त्यांनी ते पोटावर बाहेर काढलं आणि त्याला पिशवी लावलीय. सगळं आता त्या पिशवीत येतं. म्हणजे बघ, ह्यांनी एवढं जिवाचं रान करून गाडीला टाकी लावली, आणि डॉक्टरांनी एका सकाळीत मलाच लावून दिली. मला आता गाडीतला संडास लागतच नाही! मी हे ह्यांना हसत सांगितलं, तर हे उठून बाहेर गेले आणि बराच वेळ टाकीचे नट आवळत बसले. आवळलेलेच होते.

पिशवी गळते. कातडी सोलून निघते. हेच धुतात. टाकीवर हात बसलाय म्हणतात. रोगही दबलेला नव्हता अक्का, तो तिथेच होता.

छाया

*

नामपूर
ता. १५ फेब्रुवारी १९९८

छाये,

रावजींना सांग, गाडी इकडे पाठवा. पलंग आहे ना त्यात? मला चौघं उचलून ठेवतील, मी आडवी येते. संडास तुला लागत नाही, मला लागेल. मांडी मोडली तर मोडली. डॉक्टरला मी विचारणार नाही.

विमलअक्का

*

मखमलाबाद
ता. २४ फेब्रुवारी १९९८

प्रिय अक्का,

नाही. तू यायचं नाहीस.

तू इथे आलीस तर मी आजारी ठरते. मी तिथे आले तर माहेरवाशीण. एवढं एक माझं राहू दे. आखाजीला मी येते. झोका बांधून ठेव, मी नुसती बसेन, झोका घेणार नाही.

अक्षर वाकडं आलंय. उशीवर टेकून लिहितेय.

तुझी
छाया

*

मखमलाबाद
ता. १४ एप्रिल १९९८

ती. अक्कांस रावजीचा नमस्कार.

मंगलाबाईंकडे फोन केला होता, तो आपल्याला कळलाच. छायाला जाऊन आज सोळावा दिवस. विधी सगळे झाले. आपण येऊ शकला नाहीत, हे तिच्या मनासारखंच झालं असं समजा. शेवटी ती गाडीचीच विचारपूस करत होती. पाणी भरलंय का, नळी टपाच्या वर आहे ना. मी सगळ्याला हो म्हणालो.

ॲसिडची बाटली मला पिंपळगावहून आलो त्याच दिवशी पाण्याच्या टाकीमागे सापडली होती. मी ती बांबूंपाशी पुरली आणि बोललो नाही. सोमानं सांगितल्यावर तिला विचारलं, ते फक्त तो समोर उभा होता म्हणून. आपल्याला पत्रात लिहिलं तेव्हा बाटलीचं गाळलं, कारण तिनं सांगितलं नाही ते मी कसं सांगावं? तिला वास नको होता, एवढंच ना. त्यात कोणाचं काय चुकलं?

गाडी विकली. घेणारा तीत रसवंती काढणार आहे, त्याला टाकी नको. ती नवीच आहे, एकदाही वापरलेली नाही, तिच्यात मी फक्त तपासायला पाणी भरलं होतं. नामपूरला उन्हाळ्यात पाण्याची ओढाताण असते. कांदा उतरवून रिकामा परतणारा टेंपो आहे, त्यात ठेवून पाठवतो. आपल्याला चालेल की नाही हे विचारायला हवं होतं. टाकून देववेना, म्हणून पाठवतोय.

रावजी

*

नामपूर
आखाजी, १९९८

रावजी यांस आशीर्वाद.

टाकी काल पोचली. टेंपोवाल्यानं दारात उतरवली आणि गल्ली गोळा झाली. मंगलाबाई म्हणाल्या, "बाई, हाई टाकी कसानी शे?" मी सांगितलं. सगळं सांगितलं, कशासाठी घेतली होती ते, आणि ती एकदाही वापरली गेली नाही ते. छाया असती तर तिनं मला गप्प केलं असतं. ऐकून दोघीतिघी मागे सरल्या. मंगलाबाई सरल्या नाहीत, त्या पाणी आणायला गेल्या.

आज इकडे गेलेल्या माणसाच्या नावानं घागर भरतात, तुम्हाला ठाऊकच आहे. मुलीची घागर सासरी भरायची, माहेरी नाही. तुम्ही भरली असेलच. पण छाया आखाजीला येते म्हणाली होती, आणि तिच्या गाडीतलं जेवढं आलं तेवढंच आलं. मी पलंग ओसरीत ओढून घ्यायला लावला. टाकी निंबाखाली, झोक्याजवळ ठेवलीय. मंगलाबाईंनी टँकरचं पाणी हंड्या-हंड्यानं आणून भरली. वर नवं मडकं ठेवलं, त्यावर डांगर, म्हणजे तुमचं खरबूज, आणि दोन आंबे. झोका तिथेच आहे, त्यावर कोणाला बसू दिलं नाही.

मग तांब्या बुडवला आणि पहिलं पाणी मी प्यायले. लोक पीत नाहीत तर मी पिते, असं मी तिला लिहिलं होतं.

पाण्याला कसलाही वास नाही, रावजी. टाकी गळत नाही. काम तुम्ही चोख केलंत.

विमलाबाई